थ्रॉबिंग ग्रिसलचं '21 अपेक्षित'

माझा एक मित्र आहे, गाण्यांच्या बाबतीत भयंकर सोवळा. त्याच्या मते 'ग्रेटेस्ट हिट्स' ऐकणं म्हणजे '21 अपेक्षित' वाचून बोर्डाची परीक्षा देणं. मार्क पडतात, पण विषय कळत नाही. मीही बरीच वर्षं हेच मानायचो. मला चुकीचं ठरवलं ते एका अशा बँडने, ज्याला हिट गाणं म्हणजे काय हे जवळपास माहीतच नव्हतं!

थ्रॉबिंग ग्रिसल. 1975 साली इंग्लंडमध्ये जमलेली चौकडी. लंडनच्या हॅकनी भागातल्या त्यांच्या स्टुडिओचं नाव 'डेथ फॅक्टरी'. 1976 मध्ये त्यांनी 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' काढली आणि 'इंडस्ट्रियल' हे नाव पुढे एका अख्ख्या संगीतप्रकाराला चिकटलं. चौघांपैकी ख्रिस कार्टर आपल्या जातीचा माणूस. 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात छापून आलेलं एक सर्किट घेऊन त्याने 'ग्रिसलायझर' नावाचा डबा बनवला. त्यातून गिटार घाला नाहीतर माणसाचा आवाज, बाहेर पडताना ओळखू येत नाही.

इंजिनिअरिंगला असताना मी मित्राचा सल्ला मानून थेट त्यांचा 1978 चा 'डी.ओ.ए.' लावला. कर्कश आवाज, टेपचे तुकडे, आन्सरिंग मशीनवर लोकांनी दिलेल्या खऱ्याखुऱ्या धमक्या... तिसऱ्या ट्रॅकला हेडफोन काढून ठेवले, ते थेट पाच वर्षांनी परत घातले.

पाच वर्षांनी हाती लागला तो 'ग्रेटेस्ट हिट्स' हा संकलन अल्बम. नावच थट्टा आहे. कव्हरवर मार्टिन डेनीच्या गुळगुळीत हवाईयन रेकॉर्डची नक्कल, आत भाजलेल्या बाईवरचं 'हॅम्बर्गर लेडी'. आणि त्याच्याच शेजारी 'हॉट ऑन द हील्स ऑफ लव्ह', चक्क नाचता येईल असं. मग कुठे टाळकं चाललं, की या लोकांना चाल जमत नव्हती असं नाही, ते ती मुद्दाम नाकारत होते.

गंमत बघा. 'युनायटेड' हे त्यांचं 1978 चं सिंगल, प्रेमाचं साधंसरळ गाणं. 'डी.ओ.ए.'वर तेच गाणं इतकं पळवलंय की 16 सेकंदांत खेळ खल्लास! म्हणजे मूळ अल्बम इमानेइतबारे ऐकणाऱ्याला गाणं मिळतच नाही, ते मिळतं संकलनात. सोवळ्या मंडळींनी याचं उत्तर द्यावं.

मित्राचं थोडं बरोबरही आहे म्हणा. त्या धमक्या संकलनात नाहीत, आणि लोक या बँडवर किती चिडले होते हे त्यांच्याशिवाय समजत नाही. दार म्हणजे घर नव्हे, मान्य.

पण आज कुठलंही ॲप उघडलं की 'टॉप गाणी'ची यादी समोर येते. ती कशी बनते हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको, कुठलं गाणं किती वेळा वाजलं याची मोजदाद. या बँडच्या बाबतीत मोजायला फारसं काही नव्हतंच. कुणालातरी बसून ठरवावं लागलं, की 'हॅम्बर्गर लेडी'च्या शेजारी काय ठेवायचं. ही निवड म्हणजे एक मत आहे, आणि मताशी भांडता येतं. मोजदादीशी काय भांडणार?

म्हणून माझं सरळ म्हणणं: आधी संकलन ऐका, मग 'डी.ओ.ए.'. मी उलटं केलं आणि पाच वर्षं घालवली. तुम्ही नका घालवू.