खळ्यावरची एक पायली



भात कापून झालं, वाघबारस झाली, खळी लागली. कणसरी घरात येते आहे. पण ह्याच दिवसांत वीटभट्टीचे मुकादम पण पाड्यापाड्यांत फिरायला लागतात. उचल कोण घेणार ते वहीत लिहून घेतात. थोड्याच दिवसांत अर्धे पाडे भिवंडी-वसईकडे निघून जातील. म्हणून माणसं घरी आहेत तोवर एक गोष्ट बोलून घ्यायची आहे. ह्या वर्षी प्रत्येक खळ्यावरून एक पायली भात पाड्याच्या कणगीत टाकायचं.

काही जण म्हणतील, आषाढात आमचीच चूल पेटत नाय, आणि तुम्ही आणखी मागता? विचारणं बरोबर आहे. आषाढात चूल पेटत नाही म्हणूनच मागतो आहोत.

आपले आजे-पणजे लग्नगडी कसे झाले ते म्हाताऱ्यांना विचारा. लग्नाला पैसे नव्हते. सावकाराकडून थोडे रुपये घेतले आणि नवरा-बायको दोघंही त्याच्या दारात राबायला बांधले गेले. कर्ज थोडं होतं, पण ते फिटलंच नाही. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरीला आपली माणसं हजारोंनी जमली आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठली. त्याच साली गवत कापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या, एवढीच मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं शहीद झाले. त्या लढ्याने वेठ गेली, लग्नगडी सुटले.

पण आजची उचल काय आहे? आजारपण आलं, बी-बियाणं नाही, घरात लग्न आहे, की मुकादमाकडून पाच-दहा हजार घ्यायचे आणि पुढचे सहा महिने विटा पाडायच्या. सावकार गेला, मुकादम आला. अडचणीच्या दिवशी आपल्याला दुसरं दार नाही, म्हणून आपण त्याच्या दारात जातो. ते दुसरं दार पाड्याने उघडायचं आहे.

वनहक्काच्या दाव्यांचं पण तेच. दावा करायला फी नाही, हे खरं. पण प्रांत कचेरीला जायचं भाडं आहे, झेरॉक्स आहे, फोटो आहे, बुडालेली मजुरी आहे. आमच्या पाड्यातल्या एका बाईचा दावा फेटाळल्याचा कागद माघात आला. नवरा नाही, दोन पोरं घेऊन ती भट्टीवर गेलेली. अपिलाला साठ दिवस मिळतात, त्यातले वीस कागद घरात पडून गेले. उचल फिटल्याशिवाय मालक सोडेना. शेवटी घरटी पन्नास रुपये काढले, कोणी तांदूळ दिले. तिची राहिलेली उचल भरली, तिला आणली, दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले आणि मुदतीच्या सात दिवस आधी अपील दाखल केलं. निकाल अजून लागायचा आहे. पण तिची जमीन नुसती मुदत संपली म्हणून गेली नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला, बाहेरून मदत घेऊ. मदत करणारे चांगले लोकही आहेत, त्यांना आपण नाही म्हणत नाही. पण त्यांची मदत कधी येईल आणि कधी बंद होईल, ते आपल्या हातात नाही. आणि निवडणुकीच्या आधी ताडपत्री, क्रिकेटचं सामान, देवळाला पत्रे देणारे येतात, त्यांना आपण ओळखतो. ताडपत्री घेतलेला माणूस नंतर सभेत उठून खाणीविरुद्ध बोलत नाही. आपल्या पायलीचं तसं नाही. ज्याने पायली दिली, त्याला सभेत हिशोब मागायचा हक्क आहे.

हे जमतं का? गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा म्हणून गोंड लोकांचं गाव आहे. शंभराच्या आसपास घरं. तिथे मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोषात टाकायचं गावाने ठरवलं. ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, हीही रीत त्यांनी पाडली. ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. त्यासाठी गाव पुन्हा भांडलं आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. कायदा तर सगळ्या गावांना एकच आहे. पण गाव रोज एकत्र बसत होतं, स्वतःच्या पैशाचा हिशोब ठेवत होतं, म्हणून जंगलाचा कारभार हातात आला तेव्हा ते गडबडलं नाही.

आता आपली चूक पण सांगते. दोन वर्षांपूर्वी आपणही वर्गणी काढली होती. पैसे एका कार्यकर्त्याच्या घरी ठेवले. पावती नाही, वही नाही. लिहायचं काम माझ्याकडे होतं, ते मी केलं नाही. त्या भावाने एक रुपया खाल्ला नाही, पण दाखवायला कागद नव्हता. कुजबुज झाली, तो सभेला यायचा बंद झाला. पुढच्या वर्षी कोणी दिलं नाही. पैसे थोडेच होते, पण माणूस तुटला. ते पुन्हा व्हायला नको.

म्हणून मागच्या बैठकीत पुढच्या गोष्टी ठरल्या आहेत. आपापल्या पाड्यात वाचून दाखवा, पटत नसेल ते सांगा.

१. जमीन असेल त्याने पायलीभर भात द्यायचं. जमीन नसेल त्याने एक दिवसाची मजुरी नाहीतर कणगी सारवायचं, भात मोजायचं काम. ज्याला काहीच जमत नाही त्याने नुसतं सभेत बसायचं. दिलं नाही म्हणून कोणाचा दावा मागे ठेवायचा नाही, कोणाला टोमणा मारायचा नाही.

२. पैशाच्या पेटीला दोन कुलपं. किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, त्यातली एक बाईच्या हातात.

३. खर्च तीनच गोष्टींना: दाव्या-अपिलाच्या तारखा, रात्री-अपरात्री आजारी किंवा बाळंतीण बाईला दवाखान्यात न्यायचं भाडं, आणि पावसाळ्यात खायला भात. नेलेलं भात पुढच्या खळ्यावर परत करायचं. पायलीला पायली, वाढ घ्यायची नाही.

४. दर अमावास्येला हिशोब मोठ्याने वाचायचा. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला पण तो ऐकून कळला पाहिजे.

एका पायलीने उचल बंद होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण मुकादम ह्या वर्षी पाड्यात दहा घरं मोजत असेल तर पुढच्या वर्षी आठ मोजू दे. आणि दाव्याची तारीख लागेल तेव्हा भाड्यापायी कोणी घरी बसू नये.

येत्या अमावास्येला आपापल्या खळ्यावर बसा. कणगी कोणाच्या घरात ठेवायची ते ठरवा आणि पुढच्या अंकाच्या आधी आम्हाला कळवा.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
जिंदाबाद!