विश्लेषण : झाओ वेईचं नाव कुणी पुसलं, आणि का?

२६ ऑगस्ट २०२१. चीनमधल्या टेन्सेंट व्हिडिओ, आयचीयी, यूकू या मोठ्या स्ट्रीमिंग साइट्सवर अभिनेत्री झाओ वेईचं नाव अचानक सापडेनासं झालं. तिची काही कामं काढून टाकली होती, तर काहींच्या श्रेयनामावलीतून फक्त तिचं नाव गायब होतं. वेइबोवरचं तिच्या चाहत्यांचं पानही बंद झालं. 'सो यंग' हा तर तिनेच दिग्दर्शित केलेला सिनेमा. चिनी ऑनलाइन विश्वकोशात त्याच्या 'दिग्दर्शक' या रकान्यात उरली ती एक आडवी रेघ.

सरकारने कारण सांगितलं नाही.

कोण आहे झाओ वेई?

१९९८मध्ये आलेल्या 'माय फेअर प्रिन्सेस' मालिकेतल्या खोडकर 'छोट्या पाकोळी'ने तिला घराघरांत पोहोचवलं. पुढे गाण्यांचे अल्बम, 'शाओलिन सॉकर', 'मुलान'. 'सो यंग' (२०१३) हा खरं तर बीजिंग फिल्म अकादमीतल्या पदव्युत्तर शिक्षणाचा तिचा पदवी-चित्रपट. त्याने ७० कोटी युआनहून जास्त कमाई केली. 'डिअरेस्ट'साठी २०१५मध्ये हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली.

मग खटकलं काय?

इथून पुढे सगळे अंदाज. २००१मध्ये जपानच्या युद्धकालीन ध्वजाचं चित्र असलेला ड्रेस घातल्याबद्दल तिला माफी मागावी लागली होती. पण वीस वर्षं जुन्या ड्रेसपेक्षा पैशाचा धागा जास्त पटतो. तिने अलिबाबा पिक्चर्समध्ये मोठी गुंतवणूक केली होती आणि जॅक मा यांच्याशी तिची जवळीक सर्वांना माहीत होती. शिवाय एक कंपनी ताब्यात घेण्याच्या ३०६ कोटी युआनच्या व्यवहारात तिच्या बाजूने स्वतःचे फक्त ६ कोटी होते. तो फसला आणि तिच्यावर शेअर बाजारात ५ वर्षं बंदी आली. २०२१मध्ये सरकारने एकीकडे बड्या टेक कंपन्यांना, दुसरीकडे सेलिब्रिटींच्या चाहत्यांच्या टोळक्यांना वेसण घालायला घेतली होती. झाओ दोन्हींच्या मधोमध उभी होती.

फॅन बिंगबिंगशी तुलना केली की फरक दिसतो. २०१८मध्ये ती काही महिने दिसेनाशी झाली, पण नंतर करचुकवेगिरीचं कारण आणि सुमारे ८८ कोटी युआनचा आकडा जाहीर झाला. तिने रक्कम भरली, माफी मागितली. झाओने माफी मागायची तर कशाची? कारणच न सांगितल्यामुळे सगळे धास्तावतात : साइट्स जास्तीचंही पुसतात, निर्माते दूर राहतात.

डिसेंबर २०२४मध्ये झाओने घटस्फोटाची बातमी स्वतःच जाहीर केली, तीही वेइबोवरूनच. २०२१बद्दल सरकारकडून खुलासा मात्र आलेला नाही.