हिरवं दिसलं की संपलं?

गळिताच्या हंगामात फलटणच्या रस्त्यावर प्रेसमडच्या ट्रॉल्या दिसल्या की मला नागपूर जिल्ह्यातलं गुमगाव आठवतं. उसाचा रस गाळल्यावर उरणारा हा काळपट गाळ आपल्याकडे खत म्हणून शेतात जातो. गुमगावच्या मॅंगनीज खाणीतल्या उजाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेतल्या डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रेसमड टाकला. जोडीला नत्र देणारे जिवाणू आणि मुळांशी सोयरीक करणारी मायकोरायझा बुरशी दिली, साग-शिसूची रोपं लावली. ओसाड ढिगाऱ्यांवर झाडं उभी राहिली.

हे काम मोलाचं आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बुरशीचे तंतू झाडाला पाणी आणि स्फुरद पुरवतात, धातूचा बराच भाग मुळांपाशीच अडवतात. धूळ उडायची थांबते, पावसात माती नाल्यात वाहून जात नाही. धातू मात्र जमिनीतच असतो. काही वनस्पती तो शोषून पानांत साठवतात. आर्सेनिक साठवणारा एक नेचा अमेरिकेत सापडल्याचं २००१ साली प्रसिद्ध झालं. अशी पिकं कापून सुरक्षित जागी नेली, तीही वर्षानुवर्षं, तरच जमिनीवरचा भार कमी होतो.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की, खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चाऱ्यायोग्य करण्याची अट खाणपट्ट्यात घाला. निर्णय स्वागतार्ह आहे. माझी भीती वेगळीच आहे. गवत उगवलं, फोटो निघाला, कंपनी मोकळी झाली. आणि त्या गवतात धातू किती, हे कुणी तपासलंच नाही तर? शेळीला कुंपणावरची पाटी वाचता येत नाही. तिचं दूध ज्या घरातली पोरं पितात, त्या घराला प्रयोगशाळा परवडत नाही.

म्हणून माती आणि चारा या दोन्हींची तपासणी दरवर्षी व्हावी, अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा. निकाल निर्धोक येईपर्यंत कंपनीची अनामत सोडू नये आणि तोवर गावाच्या जनावरांना चारा कंपनीनेच पुरवावा.

जमीन ही अमानत आहे, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अमानत घेतली तशीच परत द्यायची असते. वरून हिरवी चादर चढवली म्हणून ती फिटत नाही.