तर्काचे औषध आणि चाचणीची कसोटी

तर्काला पटलेले औषध कसोटीलाही उतरतेच असे नाही, हे सत्य वैद्यकाला वेळोवेळी फार महाग किमतीत शिकावे लागले आहे. फुफ्फुसांत व्रण पडून ती हळूहळू घट्ट होत जाणारा ‘फायब्रोसिस’ हा विकार याचे बोलके उदाहरण होय. प्रथम कोरडा खोकला, मग जिना चढताना धाप आणि अखेर अंथरुणातही अपुरा पडणारा श्वास, अशी त्याची वाटचाल असते. त्याच्या ज्या प्रकारात कारणच सापडत नाही, तेथे उपचाराविना निदानानंतरचे आयुष्य सामान्यतः ३ ते ५ वर्षांचे मानले जाते.

व्रणाचे मूळ दाहात आहे, तेव्हा शरीराच्या प्रतिकारशक्तीला आवर घातला की रोग थांबेल, असा तर्क अनेक वर्षे रूढ होता. त्यानुसार स्टेरॉइड व अझाथायोप्रिन ही औषधे सर्रास दिली जात. अमेरिकेत सरकारी पैशाने त्यांची रीतसर चाचणी झाली, तेव्हा औषधे घेणाऱ्या ७७ रुग्णांपैकी ८ दगावले. नुसती निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७८ जणांपैकी एकच. २०११ साली हा उपचार तातडीने थांबवावा लागला. त्याआधी इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाची ८२६ रुग्णांवर परीक्षा झाली होती. तेही आयुष्य वाढवीत नाही, असे २००७ मध्ये दिसून आले.

याचा अर्थ प्रतिकारशक्तीवरील औषधे सर्वत्र त्याज्य आहेत असा मात्र नव्हे. भारतातील १९ शहरांच्या २७ रुग्णालयांत २०१२ ते २०१५ या काळात अशा विकारांच्या १०८४ रुग्णांची नोंद झाली. त्यांत कारण न सापडणारा प्रकार सुमारे १४ टक्केच निघाला. सुमारे ४७ टक्के रुग्णांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’, म्हणजे बुरशी, पक्ष्यांची पिसे अशा गोष्टींवर प्रतिकारशक्ती बिथरल्याने होणारा आजार होता आणि त्यातील जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आढळला. वैशाखात रावेरच्या घराघरांतून कूलर घरघरत असतात. प्रत्येक कूलर रोगच देतो असे नाही. परंतु त्याच्या कुबट, ओल्या जाळ्या खानदेशाने दुर्लक्षाव्यात अशा नाहीत. या प्रकारात कारण दूर करून स्टेरॉइड देण्याची पद्धत आहे. तथापि, त्यालाही मोठ्या व काटेकोर चाचण्यांचा आधार तोकडाच आहे. म्हणजे एकच स्वस्त गोळी एकाला तारील, दुसऱ्याला मारील. आणि कोणाला काय, हे ठरविणारी परीक्षा मात्र अपुरी!

ही परीक्षा घ्यावी कोणी? येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. नव्या औषधाची चाचणी कंपन्या करतात, कारण त्यात नफा आहे. नेरँडोमिलास्ट या औषधाची ११७७ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली. परंतु पेटंट संपलेल्या जुन्या गोळीची परीक्षा घेण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नसते. तिच्यातून निघणारे ज्ञान रस्त्याप्रमाणे सर्वांच्या उपयोगाचे, म्हणूनच विकता न येणारे असते. साहजिकच हा भार शासनाने, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने उचलला पाहिजे.

अशा चाचण्या केवळ महानगरांपुरत्या राहता कामा नयेत. रावेरच्या शेतमजुराला मुंबईची खेप म्हणजे आठवड्याची मजुरी बुडणे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच सी. टी. स्कॅन, श्वासाची तपासणी व चाचणीत सहभागाची सोय झाली, प्रवासखर्च मिळाला, तरच त्याचा सहभाग शक्य होईल. २०१९ च्या नियमांनी चाचणीत इजा झालेल्याला मोफत उपचार व भरपाईचा हक्क दिला आहे. तो त्याला मराठीतून, त्याला कळेल अशा शब्दांत सांगितला पाहिजे.

चाचणी हा गरिबावरचा प्रयोग, अशी एक धारणा समाजात आहे. वस्तुतः चाचणीविना दिलेले औषध हाही प्रयोगच असतो. फरक एवढाच, की त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.