दोन गाण्यांमधली पोकळी आणि वऱ्हाडची भजने

अमरावती/अकोला - कॅसेटची बाजू उलटण्याचा आणि सीडी बदलण्याचा काळ मागे पडला. मोबाइलवर एकदा यादी लावली की गाणी आपोआप सुरू राहतात. पहिले गाणे पुरते संपण्याआधीच दुसरे हळूहळू त्यात मिसळावे, अशीही सोय आता आहे. 'क्रॉसफेड' हे तिचे नाव. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायवर ही सरमिसळ १२ सेकंदांपर्यंत वाढवता येते. आयफोनच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये ती २०२३ साली, आयओएस १७ बरोबर आली. नाचगाण्यासाठी ही सोय उत्तमच आहे. मात्र खंजिरी भजनाच्या आणि कीर्तनाच्या या प्रदेशात ती सरसकट वापरावी काय, याचा विचार होणे आवश्यक आहे.

मुळात येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. पहिली गोष्ट 'गॅपलेस', म्हणजे खंडाविना वादन. एमपी-थ्री फाइल आवाज लहान लहान तुकड्यांत साठवते. अशा एका तुकड्यात आवाजाचे १,१५२ नमुने असतात. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असल्याने एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा भरतो. गाणे काही नेमके तुकड्याच्या हद्दीवर संपत नाही. उरलेली जागा निःशब्द नमुन्यांनी भरली जाते. सुरुवातीलाही अशीच थोडी भर पडते. सलग ध्वनिमुद्रणाचे दोन भाग केले तर सांध्यावर जो बारीकसा अडखळा जाणवतो, तो या भरणीचा. 'लेम' या संगणक प्रणालीने तयार केलेल्या फाइलमध्ये ही भरणी किती आहे याची नोंद असते. ती नोंद वाचणारा प्लेअर तेवढाच भाग वगळतो. बीटल्सची 'अ‍ॅबी रोड' (१९६९), पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) अशा तबकड्यांत गाणी एकमेकांत गुंफलेली असल्याने तिकडच्या श्रोत्यांना हा अडखळा विशेष खुपे. अ‍ॅपलने सप्टेंबर २००६ मध्ये आयट्यून्सच्या सातव्या आवृत्तीत आणि आयपॉडमध्ये तो दूर केला. या उपायात मूळ गाण्याला कोठेही धक्का लागत नाही.

क्रॉसफेडचे तसे नाही. त्यात एका गाण्याचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवला जातो. दोन्ही आवाज सरळ रेषेत बदलले तर मध्यावर प्रत्येकाची पातळी निम्मी होते, एकूण ऊर्जाही निम्म्यावर येते आणि कानाला खड्डा जाणवतो. म्हणून मध्यावर दोन्ही आवाज साधारण ०.७ पटीवर राहतील असा वक्र वापरतात. हिशेब सुबक आहे. अडचण एवढीच, की शेवटच्या दहा-बारा सेकंदांत गायक काय करीत आहे, याची या हिशेबाला गंधवार्ता नसते.

अमरावतीत नवरात्रात गरबा रंगतो, तेव्हा ठेका तुटू न देणे हेच वाजवणाऱ्याचे काम असते. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणाऱ्या कावडीलाही थांबा नको असतो. भजनाची रचना वेगळी. एकटा आवाज आधी ओळ मांडतो, मग साथीदार ती उचलतात, खंजिरी लय वाढवत नेते आणि अखेरीस गजर होऊन सारे एकदम थांबते. त्या गजरावर पुढच्या भजनाची संथ ओळ चढली, तर पहिल्याचा कळस जातो आणि दुसऱ्याचा पायाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या याच बळावर खेडोपाडी लोक जागे केले. त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरी येथे सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहतो आणि मौन श्रद्धांजली वाहतो. शांततेचा अर्थ या भागाला नव्याने शिकवावा लागत नाही.

संत गाडगेबाबांचे नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेले अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, हे आपले भाग्य. त्यानंतर काही आठवड्यांतच, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. बाबांचे कीर्तन म्हणजे सवाल-जबाब. ते प्रश्न टाकत आणि जमाव उत्तर देई. अशा कीर्तनाच्या फायली करताना प्रश्न एका फाइलीत आणि उत्तर दुसरीत गेले, तर मध्ये पोकळी नको. परंतु उत्तरावर पुढचा प्रश्न चढवणारी सरमिसळ तर त्याहून नको. विलंबित ख्यालातून द्रुत बंदिशीत जाणाऱ्या गायकाच्या ध्वनिमुद्रणालाही हेच लागू पडते.

वऱ्हाडातील घराघरांत, भजनी मंडळांच्या पेट्यांत आजही कॅसेट पडून आहेत. त्यांची फीत दिवसेंदिवस खराब होत आहे. त्या संगणकावर उतरवताना कॅसेटची संपूर्ण बाजू आधी एकाच सलग फाइलमध्ये, शक्यतो वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात जपून ठेवावी. भजनांचे तुकडे त्या मूळ फाइलीची प्रत काढून करावेत. सरमिसळ करूनच फाइल बनवली, तर त्यातून गजर आणि पुढची ओळ वेगळी काढणे जवळपास अशक्य. ऐकणाऱ्याने मात्र फार काळजी करण्याचे कारण नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेडचा आकडा शून्यावर आणला की काम होते.

आकाशवाणीवर दोन गाण्यांमधल्या जागेत निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगतो. त्याला पाच-सात सेकंद लागतात. मोबाइलवर तीच नावे पडद्यावर बारीक अक्षरांत येतात, फोन खिशात असताना ती कोणाला दिसत नाहीत, आणि गीतकाराचे नाव तर बहुधा तेथेही नसते.