निवारा नाकारणाऱ्यांचे म्हणणे

मार्गशीर्ष-पौषात आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा रात्री बसस्थानकाच्या ओट्यावर, रेल्वे स्थानकाबाहेर, बाजारपेठेतील बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि शिर्डीसारख्या तीर्थक्षेत्राच्या रस्त्यांवर माणसे पुठ्ठा किंवा पोते अंथरून झोपलेली दिसतात. त्यांना ‘निवारा केंद्रात चला’ असे म्हटले, तर त्यांतील काही जण स्पष्ट नकार देतात. तो नकार ऐकून सुजाण माणसेही म्हणतात, ‘यांना सवयच झाली आहे, दिले तरी घेत नाहीत.’ आम्हांस हे मत मान्य नाही. हा नकार बहुतेक वेळा अनुभवातून आलेला निर्णय असतो आणि त्यामागील कारणे ऐकून घेणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले; त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांतील बेघरांसाठी बारमाही निवारे उभारण्याचे आदेश राज्यांना दिले. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात, दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या कायम निवाऱ्याची सोय असावी, असे सूत्र ठरले. म्हणजे धोरण कागदावर आहे. तरीही छप्पर उभे राहिल्यावर माणूस त्याखाली का येत नाही, याचे उत्तर कागदात सापडत नाही.

काही कारणे अगदी साधी आहेत. पहाटे मजूर अड्ड्यावर उभे राहायचे असेल, तर दूरच्या निवाऱ्यातून तेथे वेळेवर पोहोचणे कठीण जाते आणि दिवसाचा रोजगार बुडतो. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे अशी विभागणी असेल, तर आयुष्यभर सोबत राहिलेल्या वृद्ध जोडप्याला ती रात्र एकमेकांवाचून काढावी लागते. भंगार गोळा करणाऱ्याची हातगाडी आणि गाठोडे हीच त्याची सारी मालमत्ता असते. ती बाहेर ठेवून त्याला झोप कशी लागावी? सोबतच्या कुत्र्याला आत घेत नाहीत. ढेकूण, अस्वच्छ शौचालये, दारुड्यांची भांडणे यांची भीती असते. एकट्या स्त्रीला चार अनोळखी पुरुषांच्या शेजारच्या खोलीपेक्षा दिव्याखालचा रस्ता अधिक सुरक्षित वाटतो. आधार कार्ड हरवलेला माणूस तर दारातूनच परततो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

परंतु या सर्वांहून मोठे कारण वेगळेच आहे. ते म्हणजे पकडले जाण्याचे भय. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ हा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्यातील ‘भीक मागणे’ या शब्दाची व्याख्या इतकी विस्तृत आहे की, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणारा माणूसही तिच्यात सापडू शकतो. त्याला वॉरंटाशिवाय ताब्यात घेता येते आणि दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. वारंवार सापडल्यास हा काळ दहा वर्षांपर्यंत वाढू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. महाराष्ट्रात मात्र रात्री दारात उभी राहिलेली गाडी निवाऱ्याकडे नेणार की भिक्षेकरी गृहाकडे, हे पुठ्ठ्यावर झोपलेल्या माणसाने कसे ओळखावे?

हे भय निराधार आहे असे म्हणण्यास आपला जिल्हाच आपल्याला धजू देत नाही. एप्रिल २०२५मध्ये शिर्डीतून सुमारे पन्नास जणांना ताब्यात घेऊन श्रीगोंदे तालुक्यातील विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठविण्यात आले. त्यांतील काहींना पुढे जिल्हा रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तेथे चौघांचा मृत्यू झाला. नातेवाइकांनी हयगयीचे आरोप केले. दोष कोणाचा, हे ठरविणे चौकशीचे काम आहे. आमचा मुद्दा इतकाच की, अशी वार्ता रस्त्यावर वर्तमानपत्राच्या आधी पोहोचते. ती ऐकलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात मदतीचा हातसुद्धा संशयाने पाहणार, यात नवल ते काय?

निवाऱ्याच्या दारात नाव आणि जात विचारली जाण्याचे दुःख या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. १९१७मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहण्यास जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव लिहून एका पारशी पथिकाश्रमात राहावे लागले. खरी ओळख कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि जगातील नामांकित विद्यापीठात शिकलेला तो विद्वान शहरातील सार्वजनिक बागेत जाऊन बसला. छप्पर होते, खोली रिकामी होती. नव्हती ती माणूस म्हणून मान्यता. छपराखाली अपमान होणार असेल, तर माणूस झाडाखाली बसणे पसंत करतो, हे आपल्याला आपल्याच इतिहासाने शिकविले आहे.

मात्र ‘त्याची मर्जी’ म्हणून पाठ फिरविणेही आम्हांस मंजूर नाही. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की विचारशक्ती मंदावते, बोलणे अडखळते आणि पुढे अंगाची थरथरही थांबते. दारूने ऊब आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता त्वचेवाटे अधिक वेगाने निघून जाते. अशा अवस्थेतील ‘मला काही नको’ हे बोल पूर्ण भानावर असलेल्या माणसाचे नसतात. ती वैद्यकीय आपत्ती असते आणि तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हाच धर्म ठरतो. एरवी, नकार देणाऱ्याच्या पाठीखाली कोरडा पुठ्ठा आणि अंगावर घोंगडी घालून दुसऱ्या रात्री पुन्हा जाऊन विचारणे, हाच मार्ग योग्य होय.

विनयपिटकातील एक प्रसंग येथे आठवतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. विहाराचे छप्पर डोक्यावर असूनही त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगून स्वतः त्याला स्वच्छ केले, उचलून खाटेवर निजविले आणि मगच संघाला त्याच्या कर्तव्याची जाणीव दिली. छप्पर म्हणजे आश्रय नव्हे, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आपल्या शेजारच्या नाशिक व जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांतही खोल्या दिल्या आहेत त्या ‘चातुद्दिस’ संघाला, म्हणजे चारी दिशांतून येणाऱ्या भिक्खूंना. आज आलेल्यांना आणि उद्या येणाऱ्यांनाही.

हा मार्ग आजही अशक्य नाही. आपल्याच जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने रस्त्यावरील निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘माउली’ हे घर उभारले. त्यांच्या कार्याचा आरंभ इमारतीने झाला नाही. रस्त्यावरच्या माणसांना रोज अन्न नेऊन देण्याने झाला. आधी विश्वास, मग छप्पर, हा क्रम त्यातून शिकण्यासारखा आहे.

म्हणून शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. निवारा आणि भिक्षेकरी गृह यांची यंत्रणा पूर्णपणे वेगळी असावी आणि बेघरांकडे जाणाऱ्या मदत पथकात पोलीस नसावेत. निवारा स्थानकाजवळ असावा, तेथे जोडप्यांसाठी खोली आणि सामानासाठी कुलपाची पेटी असावी, कागदपत्रांवाचून प्रवेश मिळावा आणि आत आलेल्यास हवे तेव्हा बाहेर जाता यावे.

आपल्या समाजाकडेही एक विनंती आहे. गावोगावी आपण विहार बांधले. कडाक्याच्या थंडीच्या पाच-दहा रात्री त्यांतील सभागृह उघडे ठेवणे, सतरंज्या अंथरणे आणि पहाटे चहा देणे आपल्याला जड नाही. या शाळेच्या वसतिगृहात आपली मुले घरापासून दूर राहूनही निर्धास्त झोपतात. याचे कारण येथे त्यांना नावाने हाक मारणारे कोणीतरी आहे. तीच हाक रस्त्यावरच्या माणसाला मिळाली, तर त्याचा नकार हळूहळू मावळेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.