अपील आणि न्याय

गेल्या कित्येक वर्षांची मागणी फळास येऊन मुंबई हायकोर्टाचें सर्किट बेंच ता. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास सुरू झालें, आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी चुकली. याबद्दल ज्यांनीं पेढे वाटले त्यांच्या तोंडची गोडी काढून घेण्याची आमची इच्छा नाहीं. मराठवाड्यास जी सोय १९८१ सालीं झाली ती आम्हां दक्षिणेकडील लोकांस चव्वेचाळीस वर्षें उशिरानें मिळाली, हेंही खरें. परंतु त्या दिवसापासून आमच्या मोहोळांत, एस्टी स्टँडापासून कोर्टाच्या आवारापर्यंत, 'आतां न्याय दारीं आला' असें जें एक वाक्य ऐकूं येतें, आणि चांगलीं शिकलेलीं माणसेंही ज्यास माना डोलवितात, त्या वाक्याशीं आमचें भांडण आहे.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी आहेत. बांधाचा दावा. मोहोळच्या दिवाणी कोर्टांत ते हरले. सोलापुरास जिल्हा न्यायालयांत अपील केलें, तेथेंही हरले. तेव्हां ते आमच्याकडे सल्ला विचारावयास आले. आम्ही वकील नव्हे; पण कॉलेजांत शिकवितों म्हणून गांवांत आमच्या शब्दास जी उगीच किंमत आहे तिच्या भरांत आम्हीं सांगून टाकलें कीं, वर जा, वर न्याय मिळेल. एक दुभती म्हैस विकून ते हायकोर्टांत गेले. तेथें अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळलें गेलें. परत आल्यावर आमच्या ओसरीवर बसून ते एवढेंच म्हणाले, "माझं कुणी ऐकलंच नाय, सर."

हायकोर्टाचें यांत कांहींच चुकलें नव्हतें. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिच्या शंभराव्या कलमांत १९७६ सालीं दुरुस्ती झाली, आणि तेव्हांपासून दुसरें अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतें. बांध कोणीं कोरला, साक्षीदार खरें बोलला कीं खोटें, मोजणीच्या वेळीं दगड कोठें होता, या गोष्टी तेथें सामान्यतः निघतच नाहींत. त्यांचा निकाल पहिल्या अपिलांत, म्हणजे आमच्यापुरता सोलापुरास, कायमचा लागून गेलेला असतो. हें कायद्याचें पुस्तक उघडणाऱ्या कोणासही पांच मिनिटांत कळेल. त्या वृद्धास तें कोणीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं तर त्याच्या उलट सांगितलें.

यावरून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, सुशिक्षितांनीं आपली सारी आस्था वरच्या पायरीवर उधळून मधली पायरी ओस टाकली आहे. कोल्हापूरच्या बेंचसाठीं मोर्चे निघाले, वकीलबंधूंनीं कामकाजावर बहिष्कार घातले. सोलापूरचें पहिलें अपील किती वर्षें तारखांवर लोंबकळतें हें विचारावयास कधीं दहा माणसें गेल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. वास्तविक संतोष हजारी प्रकरणांत २००१ सालीं सुप्रीम कोर्टानें स्पष्ट बजावलें आहे कीं, पहिल्या अपिलाच्या कोर्टानें सगळा पुरावा स्वतः तपासून, प्रत्येक मुद्द्यावर कारणें देऊन निकाल द्यावयास हवा. खेड्यांतल्या माणसाची गोष्ट पुन्हां एकवार सबंध ऐकली जाण्याची ती शेवटची जागा आहे.

दुसरें म्हणणें भाषेसंबंधीं. आमचा जन्म इंग्रजी शिकण्या-शिकविण्यांत गेला, तेव्हां इंग्रजीच्या द्वेषानें आम्ही हें लिहितों असें कोणी म्हणूं नये. १९९८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्रांतील खालच्या कोर्टांची भाषा सर्वसाधारणपणें मराठी ठरली. परंतु घटनेच्या ३४८ व्या कलमान्वयें हायकोर्टाची भाषा इंग्रजी. म्हणजे मोहोळास मराठींत झालेल्या जबान्या पंचगंगेच्या कांठीं वाचावयाच्या तर आधीं त्यांचें इंग्रजी भाषांतर करावयाचें, आणि त्याचे पैसे पक्षकारानें मोजावयाचे. त्या भाषांतरांत काय शिल्लक राहतें? 'वहिवाट' या शब्दांत तीन पिढ्यांची नांगरट, पायवाट आणि शेजाऱ्यांची मूक संमति असते. इंग्रजींत तिचें नुसतें 'पझेशन' होतें. विहिरीवरील 'पाळी', जमिनीचा 'पोटखराबा' यांचें काय होत असेल तें वाचकांनींच कल्पावें.

यावर उत्तर ठरलेलें: परप्रांतांतून बदलून येणाऱ्या न्यायमूर्तींस मराठी कोठून येणार? प्रश्न रास्त आहे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानें राष्ट्रपतींची पूर्वसंमति घेऊन राज्यपालांस हायकोर्टाच्या कामकाजांत राज्यभाषा वापरण्याची परवानगी देतां येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार येथें हिंदीस ती मिळालेली आहे, आणि तेथेंही न्यायमूर्ति बाहेरून येतातच. निकालपत्र इंग्रजींत राहण्यास त्या तरतुदीची आडकाठी नाहीं. तामिळनाडू, गुजरात यांनीं मागून पाहिलें, त्यांस नकार मिळाला. म्हणून आम्हीं मागूंच नये कीं काय?

कांहीं मित्र याच्याही पुढें जाऊन म्हणतात कीं, अपिलें हाच मुळीं रोग आहे, तीं छाटून टाका. हें आम्हांस मान्य नाहीं. १९४९ पर्यंत या देशाचें शेवटचें अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाकडे जात असे, आणि हुकूमनामा हातीं पडल्यावरच हिंदी पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, हें त्या कौन्सिलानेंच १८७२ सालीं नोंदविलें होतें. आजही नुसतें अपील केल्यानें अंमलबजावणी थांबत नाहीं, असा कायदा आहे. थांबते ती स्थगितीच्या हुकुमानें, आणि त्या हुकुमामागें धांवण्याचें बळ ज्याच्या खिशांत असतें तो बहुधा आमच्याच वर्गांतला असतो. भाऊबंदाला दमविण्यासाठीं अपील करणाऱ्या प्रतिष्ठित घरांचीं नांवें मोहोळांत सर्वांस पाठ आहेत. शेतकऱ्याचें अपील छाटून या घरांची खोड जाईल, असें मानणें भोळेपणाचें आहे.

तूर्त आमची मागणी फार मोठी नाहीं. निकालाच्या नकलेबरोबर प्रत्येक पक्षकारास सोप्या मराठींत छापलेला एक कागद मिळावा: सोलापुरास अपील करण्याची मुदत तीस दिवस, हायकोर्टाची नव्वद, तेथें काय ऐकलें जाईल, काय ऐकलें जाणार नाहीं. छपाईचा खर्च एका उद्घाटन समारंभाच्या मंडपाइतकाही येणार नाहीं.

गेल्या पंधरवड्यांत ते वृद्ध गृहस्थ पुन्हां आले होते. बेंचची बातमी त्यांच्यापर्यंत पोंचली होती. "आता कोलापुरात जावावं का, सर? जवळ आलंय म्हणत्यात." कागदांची पिशवी त्यांनीं बरोबर आणली होती. त्या बेंचपुढें आतां त्यांचें कांहीं उरलेलें नाहीं, हें या वेळीं आम्हीं त्यांस सांगितलें. ते बराच वेळ बसून राहिले, आणि चहा न घेतांच उठले.